व्हाळाकाठी गावाचं क्रीडासंकुल: आखणी कुठून सुरू करावी?

फोंडा तालुक्यातल्या एका क्रीडामंडळाच्या चिटणिसांनी विचारलं आहे: कोमुनिदादीकडून (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी गोव्यातली जुनी ग्रामसंस्था) चार हेक्टर जागा मिळण्याच्या बेतात आहे. पश्चिमेला सडा (जांभ्या दगडाचं पठार), त्यावर बंद पडलेली चिरेखाण, म्हणजे जांभ्याचे चिरे काढलेली खाण. मध्ये काजू आणि रानझाडांचा उतार. खाली भातशेती, मग व्हाळ (ओढा) आणि व्हाळापलीकडे कुळागरं, म्हणजे पोफळीच्या बागा. एका सल्लागाराने ४०० मीटरचा ट्रॅक, पूर्ण मापाचं कृत्रिम गवताचं फुटबॉल मैदान, बंदिस्त हॉल आणि शंभर गाड्यांचं पार्किंग असा आराखडा दिला आहे. यात डोंगरच उरणार नाही, असं गावातल्या काहींचं म्हणणं. निसर्गाशी जोडलेलं संकुल करायचं तर काय बदलावं? भिंतींवर वेली आणि छपरावर हिरवळ पुरेल का?

वेली आणि हिरवळ सध्या बाजूला ठेवा. ती शेवटी आली तरी चालेल, आली नाही तरी काही बिघडत नाही. तुमच्या जागेत एकच गोष्ट सगळ्यांत आधी ठरवायची आहे, ती म्हणजे पाणी. सड्यावर पडलेला पाऊस आज कुठून मुरतो, कुठे फुटतो, कुठून वाहत व्हाळाला मिळतो, हे कागदावर आल्याशिवाय मैदानाची एक रेघही ओढू नका. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. १०५ बाय ६८ मीटरचं फुटबॉल मैदान म्हणजे ७१४० चौरस मीटर. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि आपल्याकडे तो होतोच, तर एवढ्या एका मैदानावर सात लाख लिटरहून जास्त पाणी पडतं. आज ते पाणी पालापाचोळ्यातून, मुळांतून, जांभ्याच्या भोकांतून हळूहळू खाली जातं. उद्या तिथे सपाट घट्ट पृष्ठभाग आला, की तेच पाणी तासाभरात एका कोपऱ्यातून बाहेर पडायला बघेल. तो कोपरा कोणाच्या कुळागरावर उघडतो, हा खरा प्रश्न आहे.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. वीसेक वर्षांपूर्वी डिचोलीच्या बाजूला एका गावात मी असंच एक मैदान आखलं. सड्याची कड सपाट केली, वर रोलर फिरवला, भोवती काँक्रीटची गटारं काढली. पहिल्या पावसात मैदानावर थेंबभर पाणी साचलं नाही, म्हणून माझी पाठ थोपटली गेली. दुसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये मी तिथे गेलो, तेव्हा खालच्या वाड्यावरची एक आजी मैदानापर्यंत चालत आली आणि म्हणाली, "पुता, आमची झर गेली रे." तीन घरं त्या झरीवर होती. मी जे पाणी हुशारीने गटारात घातलं, तेच पूर्वी सड्यात मुरून उन्हाळ्यात तिच्या दारात येत होतं. त्यानंतर आम्ही गटारं फोडून मुरवणीचे चर खणले. झर परत आली, पण पूर्वीसारखी मे अखेरपर्यंत टिकत नाही. तेव्हापासून कुठलीही जागा मी एक पावसाळा पाहिल्याशिवाय हातात घेत नाही.

म्हणून तुमच्यासाठी पहिलं काम: या जुलैत, संततधार लागलेली असताना, मंडळाची चार पोरं आणि पलीकडचा एक जुना कुळागरकार यांना घेऊन जागा पायी फिरा. पाणी जिथे धरतं, जिथे जमिनीतून वर येतं, जिथे ओघळ होतो, तिथे तिथे खुंट ठोका. उन्हाळ्यात ते खुंट सर्वेअरला दाखवा आणि दर अर्ध्या मीटर उंचीला समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) काढून घ्या. कुळागरकाराला मुद्दाम न्या, कारण व्हाळाचं पाणी पाटाने कुठल्या महिन्यात, कोणाच्या पाळीने फिरतं हे त्यालाच ठाऊक असतं. पंचायतीच्या लोकजैवविविधता नोंदवहीत या भागाची काही नोंद आहे का, तेही पाहून घ्या. नसेल तर हीच वेळ आहे ती करण्याची.

आता सल्लागाराच्या आराखड्याकडे येऊ. ४०० मीटरच्या ट्रॅकला साधारण १७६ बाय ९३ मीटरची एकसंध सपाटी लागते. तुमचा उतार, पत्रातल्या मापांवरून, दहा मीटरला एक मीटर आहे. म्हणजे ९३ मीटर रुंदीत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नऊ मीटरहून जास्त फरक. तीन मजली इमारतीएवढा. ट्रॅक सोडा, नुसतं पूर्ण मापाचं फुटबॉल मैदान कडेच्या जागेसह १११ बाय ७४ मीटर धरलं, तरी वरच्या अर्ध्यात सुमारे ७६०० घनमीटर माती आणि जांभा कापावा लागतो आणि खालच्या अर्ध्यात तेवढाच भराव टाकावा लागतो. त्या भरावाला पावणेचार मीटर उंचीची भिंत. आपल्या पावसात अशी भिंत म्हणजे जन्मभराची काळजी.

याच उतारावर ६० बाय ४० मीटरचं, सात-सात जणांचं मैदान केलं तर कापणी १२०० घनमीटरवर येते. सहा पटींहून कमी. वरच्या बाजूला दोन मीटरचा काप, खालच्या बाजूला दोन मीटरचा भराव. वरच्या दोन मीटरांत ४० सेंटिमीटरच्या पाच पायऱ्या बसतात, त्याच प्रेक्षकांच्या बैठका. वेगळी गॅलरी नको, छप्पर नको, लोखंड नको. तुमच्याच खाणीत पडलेले तुटके चिरे पुरतील. या बाबतीत जागेने तुम्हाला मोठं दान दिलं आहे. डोंगर पश्चिमेला असल्याने समोच्च रेषा दक्षिणोत्तर आहेत, म्हणजे मैदानाचा लांब अक्ष आपोआप दक्षिणोत्तर बसतो आणि संध्याकाळचा उतरता सूर्य गोलरक्षकाच्या डोळ्यांत जात नाही. बैठका पश्चिमेच्या काठावर येतात, त्यामुळे बघणाऱ्यांच्या पाठीला सूर्य.  सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या गावांना हे सुख नाही. तिथे चांगला काठ पूर्वेला येतो आणि बघणारे सूर्याकडे तोंड करून बसतात.

पूर्ण मापाचं मैदान हवंच, लीगचे सामने गावात व्हावेत, हा आग्रह मी समजू शकतो. फुटबॉल हा गोव्याचा राज्यखेळ आहे आणि प्रत्येक गावाला मडगावच्या फातोर्डा स्टेडियमसारखं आपलं मैदान असावंसं वाटतं. पण फातोर्डा, म्हापशाचं पेडे ही राज्याची मैदानं आहेत. २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धा अशाच मोठ्या संकुलांवर भरल्या. गावाचं मैदान रोज संध्याकाळी भरलं पाहिजे. वर्षातल्या चार मोठ्या सामन्यांसाठी तालुक्याच्या मैदानावर जा आणि उरलेल्या ३६१ दिवसांसाठी डोंगर वाचवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि अकरा-अकरा जणांचा खेळ गावात अजिबात होणार नाही असंही नाही. खालची भातशेती सपाट आहे म्हणून मैदान तिथेच करा, असं कोणीतरी सुचवेलच. ऐकू नका. सखल जमीन भरायची किंवा डोंगर कापायचा तर नगर व ग्रामनियोजन कायद्याच्या कलम १७अ खाली पूर्वपरवानगी लागते, हा झाला कायद्याचा भाग. त्याहून मोठी गोष्ट अशी, की पुराच्या दिवसांत व्हाळाला पसरायला तीच जागा आहे. ती भरलीत तर पाणी पलीकडच्या कुळागरात घुसेल. पण आपण सगळे लहानपणी कापणी झालेल्या शेतातच खेळलो. शेतमालकांशी लेखी ठरवा: सरद (पावसाळी) पीक निघाल्यावर, जिथे वायंगण (उन्हाळी पीक) होत नाही त्या कुणग्यांत, म्हणजे शेताच्या वाफ्यांत, खणून पुरलेल्या नळ्यांत बसणारे सुटे गोलखांब उभे करायचे आणि मे महिन्यात काढून घ्यायचे. मेर (शेताचा बांध) सलग ठेवायची, आखणीला चुना. शेत पडीक राहिलेलं बघण्यापेक्षा अर्धं वर्ष पीक आणि अर्धं वर्ष खेळ, हा करार दोघांच्या फायद्याचा आहे. व्हाळाच्या काठाचा पंधरा-वीस मीटरचा पट्टा मात्र कोणत्याही हंगामात मोकळा सोडा. तिथल्या झाडांना हात लावू नका.

आता चिरेखाण. तुमच्या पत्रात ती ‘बुजवायची अडचण’ म्हणून आली आहे. मला विचाराल तर अख्ख्या जागेतला सगळ्यांत मोलाचा तुकडा तोच. पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराचं नगर स्टेडियम २००३ साली खुलं झालं. एदुआर्दू सोतू द मोरा या वास्तुरचनाकाराने ते मोंत कास्त्रू टेकडीच्या जुन्या दगडखाणीत बसवलं. दोन लांब बाजूंनाच प्रेक्षक, एका टोकाला उघडा कडा. आपल्याला शिकण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे: स्टेडियम दरीत ठेवलं असतं तर पाण्याच्या वाटेवर धरण घातल्यासारखं झालं असतं, म्हणून ते डोंगराकडे सरकवण्यात आलं. खर्च प्रचंड झाला, आणि सुरुंग लावून खडक फोडणं हे काही आपल्या गावाचं काम नव्हे. पण जागा निवडण्यामागचा तो विचार उचलावा असा आहे.

तुमची खाण साधारण ५० बाय ३० मीटर, चार मीटर खोल. तीन बाजूंना सरळ कापलेल्या जांभ्याच्या भिंती. तिथे छपराखालचं मैदान करा. भिंतींशिवाय नुसतं छप्पर. खाली कबड्डीचं १३ बाय १० मीटरचं मैदान, व्हॉलीबॉलचं १८ बाय ९ मीटरचं कोर्ट आणि भोवती खेळाडूंना पळायला मोकळी जागा. खाणीच्या भिंती वारा अडवतात आणि एवढं मोठं छप्पर जमिनीच्या पातळीपासून जेमतेम डोकं वर काढतं. गावातून पाहिलं तर डोंगराची रेघ जशीच्या तशी राहते. पाण्याचं काय, असं तुम्ही लगेच विचाराल. दहाला एक उतार आहे, म्हणजे खाणीच्या तळाच्या पातळीवर काढलेला चर चाळीसेक मीटर पुढे आपोआप जमिनीवर उघडा होतो. पंप लागत नाही. खेळाची जमीन तळापासून ६० सेंटिमीटर वर उचला, खाली मोठ्या दगडांचा थर घाला, पाणी त्यातून जाऊ द्या. चर उघडतो तिथे एक लहानसं तळं ठेवा, म्हणजे गाळ तिथेच बसेल आणि व्हाळात गढूळ पाणी उतरणार नाही. खोदकाम करताना जांभ्याखालची चिकट पांढुरकी शेडी लागली तर लगेच थांबा. ती उघडी पडली की पावसात साबणासारखी सुटते आणि वरचा जांभा घसरतो. खाणीच्या कड्यापासून तीन मीटर अंतर सोडा, सुटे चिरे काढून टाका, वरच्या काठाला कठडा घाला. पहिल्या दिवसापासून. त्यात काटकसर नको.

छपराबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे बहुतेक जण फसतात. खेळासाठी छप्पर उंच लागतं. उंच छपराखाली तिरका पाऊस आत येतो. पाऊस ४५ अंशांत आला तर वळचण जेवढी उंच, तेवढे मीटर आतपर्यंत जमीन भिजते. सात मीटर उंच वळचण म्हणजे सात मीटर ओली मॅट. यावर उपाय आपल्या देवळांत आहे. मधलं छप्पर उंच, भोवती तीन मीटरवर उतरती पडवी. पडवीखाली बूट काढायला, बसायला, पोरांची वाट बघत थांबलेल्या आयांना टेकायला ओटा. नुसता पत्रा घातलात तर जुलैत प्रशिक्षकाचा आवाज दहा फुटांवर पोचणार नाही. पत्र्यावर कौलं घाला किंवा आवाज शोषणाऱ्या थराचा दुहेरी पत्रा घ्या. हजार चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला तीस लाख लिटर पाणी पडतं. त्याचा दहावा भागसुद्धा साठवायला टाकी परवडणार नाही. साठवता येईल तेवढं संडास आणि मैदानासाठी ठेवा, बाकीचं सड्यात मुरू द्या.

याच छपराखाली चतुर्थीतली भजनं होतील, जत्रेचं नाटक होईल, शिगम्यात (गोव्यातली होळी) नाचणाऱ्यांचा मेळ थांबेल. गावचा मांड (उत्सवाची परंपरेची जागा) जिथे आहे तिथेच राहावा, त्याला हलवू नये. पण त्याच्याशी पायवाटेने जोडलेली एक कोरडी जागा गावाला मिळाली तर संकुल फक्त खेळाडूंचं राहत नाही. पणजीच्या कांपालमधली कला अकादमी आठवा. चार्ल्स कोरिया यांनी ती आडवी, बुटकी ठेवली आणि मांडवीच्या बाजूला मोकळी सोडली, म्हणून नाटक नसतानाही लोक तिथे येऊन बसतात.

बॅडमिंटनला मात्र उघडं छप्पर चालत नाही, वाऱ्याने शटल वाहतं. त्यासाठी दोन कोर्टांपुरता बंद हॉल वेगळा करा, रस्त्याच्या बाजूला, म्हणजे बांधकामाचे ट्रक आत डोंगरात शिरणार नाहीत. उजेड कोर्टाच्या लांब बाजूने घ्या, खेळाडूच्या समोरून कधीच नको. उत्तरेच्या खिडक्यांनाही छज्जा द्या. आपण साधारण साडेपंधरा अंश अक्षांशावर आहोत, त्यामुळे मेच्या सुरुवातीपासून दुपारचा सूर्य उत्तरेकडून येतो. ‘उत्तरेचा उजेड थंड’ हे दिल्लीच्या पुस्तकातलं वाक्य इथे मेमध्ये लागू पडत नाही. लाकडी तळ घालू नका. आपली दमट हवा आणि वाळवी त्याला दहा वर्षंही टिकू देणार नाही.

कृत्रिम गवताबद्दल मी तुम्हाला ‘नको’ म्हणतो. उन्हात त्याचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतो, आणि अनवाणी खेळणारी पोरं आपल्याकडे अजून आहेत. त्यात पसरलेले रबराचे दाणे पहिल्याच पावसात वाहू लागतात. तुमच्याकडे ते थेट व्हाळात, तिथून पाटाने पोफळीच्या मुळाशी. मुद्दाम घातलेल्या सूक्ष्म प्लास्टिकवर युरोपीय संघाने २०२३ मध्ये बंदी घातली, त्यात हे दाणेही येतात. मैदानांसाठी आठ वर्षांची मुदत आहे, पण दिशा स्पष्ट आहे. साधी हरळी लावा. मधोमध किंचित उंचवटा, दोन्ही बाजूंना शंभराला एक उतार, कडेला खडी भरलेले चर. जुलै-ऑगस्टमध्ये मैदान चिखलाचं होईल. होऊ द्या. चिखलातल्या फुटबॉलइतका आनंद दुसऱ्या कशात नाही. मात्र गोलासमोरचं गवत पावसाळ्यानंतर दरवर्षी नव्याने लावायची तयारी ठेवा, आणि लग्नाच्या मांडवाला हे मैदान देऊ नका. मांडवाचे खांब आणि टेम्पोची चाकं एका रात्रीत वर्षाची मेहनत खातात.

दिवे हवेत, पण मोजके. सरावाला १०० लक्सच्या (उजेड मोजायचं एकक) आसपास आणि गावपातळीवरच्या सामन्याला २०० लक्स पुरेसे होतात. दिव्यांना झडप असावी, उजेड फक्त खाली पडावा, रंग पिवळसर असावा, आणि रात्री साडेनऊला बंद. व्हाळाच्या बाजूला एकही खांब नको. मेच्या शेवटी तुमच्या कुळागरांच्या कडेला काजवे लखलखत असतील. पांढऱ्या झगझगीत उजेडात काजव्यांना एकमेकांची खूण दिसत नाही, मग काही वर्षांत ते दिसेनासे होतात. पायवाटेवर मात्र गुडघ्याएवढ्या उंचीचे दिवे रस्त्यापर्यंत सलग असू द्या. संध्याकाळी मुलींना घरून सोडतात की नाही हे त्या वाटेवर ठरतं. मुलींच्या कपडे बदलायच्या खोल्या आणि संडास वाटेच्या तोंडाशी, चार माणसांच्या नजरेत ठेवा. मागे झाडीत नको.

कुंपणाला उंच भिंत घालू नका. गोलामागे जाळी आणि बाकी भोवती आपला गडगा (रचलेल्या दगडांची भिंत), कंबरेएवढा, मधून मधून वीतभर फटी सोडून. सुटी गुरं अडतात, घोरपड आणि मुंगूस जातात-येतात. गवे उतरतात असं तुम्ही लिहिलं आहे. त्यांची नेहमीची वाट खुंट ठोकताना नोंदवा आणि ती मोकळीच ठेवा. गडगा गव्याला अडवत नाही, आणि अडवायचा प्रयत्नही करू नये.

झाडं लावण्याआधी असलेली मोजा. तोडायची तर वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागतेच, पण परवानगी मिळते म्हणून तोडू नका. मैदान पाच मीटर सरकवून जुना आंबा वाचत असेल तर मैदान सरकवा. नवीन लावायची तर माट्टी, किंदळ, ओवळ, उंडी, भिरंड, जांभूळ. उताराच्या कापलेल्या कडेला बांबू. मोठा वड-पिंपळ गडग्यापासून आणि टाकीपासून लांब. गुलमोहर नको, पहिल्या वादळात फांदी खाली येते. ऑस्ट्रेलियन अकेशिया तर मुळीच नको, त्याच्याखाली दुसरं फारसं काही उगवत नाही.

पार्किंग शंभर गाड्यांचं कशाला? गावातलं पोर चालत किंवा दुचाकीवर येतं. वीस गाड्या आणि साठ दुचाक्या, झाडाखाली, चिऱ्याच्या बारीक खडीवर. पेव्हर नकोत. जवळच्या खाणींवरची माती फुकट मिळते म्हणून भरावाला आणू नका, तिचा बारीक गाळ मुरवणीचे चर बुजवतो. संडासाचा शोषखड्डा कोणत्याही विहिरीपासून आणि झरीपासून निदान ३० मीटर लांब आणि उताराने खाली असावा. जांभ्यातून घाण पाणी तुम्हाला वाटतं त्यापेक्षा फार लवकर पोचतं.

पैसे एकदम मिळणार नाहीत, तेव्हा क्रम असा ठेवा. पहिल्या वर्षी फक्त मुरवणीचे चर, खाणीचा कठडा, संडास, पायवाट आणि झाडं. खेळ तोवर शेतातच चालू दे. दुसऱ्या वर्षी उतारावरचं लहान मैदान आणि पायऱ्या. खाणीवरचं छप्पर त्यानंतर. हॉल शेवटी, आणि देखभालीचे दरमहाचे पैसे कुठून येणार हे ठरल्यावरच. कोमुनिदादीशी होणाऱ्या करारात व्हाळाचा पट्टा, झर आणि सड्याचा न कापलेला भाग यांची सीमा नकाशावर आखून जोडा. मंडळाची कार्यकारिणी बदलते, तोंडी शब्द विसरला जातो.

सल्लागाराशी भांडू नका. त्याला दिलेली जागा त्याने सपाट समजून आखली आहे, कारण त्याच्या हातात समोच्च रेषांचा नकाशाच नव्हता. जुलैतल्या खुंटांचा नकाशा त्याच्यासमोर ठेवा आणि ६० बाय ४० चं मैदान कुठल्या रेषेवर बसतं ते त्यालाच विचारा. तोवर खाणीत कोणालाही डबर टाकू देऊ नका.